गारगोटीजवळचा जुना वाडा निवास-न्याहारीसाठी उघडावा म्हणतोय, जमेल का?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमचा वाडा भुदरगड तालुक्यात, गारगोटीपासून थोडा आत. पणजोबांच्या वडिलांनी बांधला असं घरात सांगतात. तुळईवर साल कोरलेलं नाही, त्यामुळं वय विचारू नका. चौसोपी आहे, मधे चौक, पुढं देवडी आणि दिंडी दरवाजा. खाली घडीव काळ्या दगडाचा जोता, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, आत कडीपाट म्हणजे लाकडी छत, एका बाजूला माडी, वर कौलं. मागच्या सोप्याचे दोन खण पडलेत, बाकी सगळं उभं आहे.

मी पुण्यात नोकरीला, धाकटा भाऊ कोल्हापुरात, वाड्यात आई एकटी. चुलत्यांची दोन घरं हिस्सेदार आहेत, पण त्यांनी रस्त्याकडेला आरसीसी बांधून वाडा केव्हाच सोडला. दर मे महिन्यात कौलं शाकारायची म्हटलं की माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून घाम फुटतो. भाऊ म्हणतो पाडून स्लॅब टाकूया. मला ते बघवणार नाही. म्हणून डोक्यात आलं की दोन-चार खोल्या नीट करून पाहुणे ठेवावेत, मुक्काम आणि सकाळची न्याहारी एवढंच.

लोक आमच्या आडगावात येतील का? किती खोल्या काढाव्यात? आणि खर्चाला हात कुठून घालायचा? आईला विचारलं तर म्हणाली, "मी देतो की चा-नाष्टा, त्यात काय. पण देवघरात कोण चपला घालून शिरलं तर मी बोलणार, मग पाव्हणा असूदे न्हाईतर कलेक्टर."

रांगडा_गडी

नाद खुळा कल्पना हाय, पण भावा, गारगोटीला मुक्कामाला कोण येतंय? लोक अंबाबाई करत्यात, मिसळ खात्यात, पन्हाळा-जोतिबा करून संध्याकाळी गाडीला लागत्यात. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस बघ. 1931 ते 34 मधे बांधलेला खराखुरा राजवाडा, 1987 ला त्याचं हॉटेल झालं, तेपण पुढं बंद पडलं. राजवाड्याची ही गत, तर आपला वाडा कुठनं चालायचा? पुढची जागा सपाट कर आणि मंगल कार्यालय काढ. लग्नसराईत पैसा सुटतोय.

थोरली_जाऊ

वेदगंगाकाठ दादा, मी पन्हाळ्याच्या पायथ्याला, कासारीच्या बाजूला, सासरच्या वाड्यात हेच करते. सासूबाई आणि मी. जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी शालिनी पॅलेसचं. राजवाड्याचं हॉटेल म्हटलं की माळी, खानसामा, रंगारी, पहारेकरी असा सगळा लवाजमा पगारावर पोसायचा. तुमच्या आई तशाही पाचला उठतात आणि चूल पेटवतात. तुमचं भांडवल ते आहे, तुळया नंतर. त्यामुळं खोल्या किती हे विचारण्याआधी एवढं ठरवा, की शनिवारी रात्री अकराला पाहुण्यांची गाडी रस्ता चुकून दारात आली तर दिंडी कोण उघडणार? आई एकट्या असतील तर गावातली एक खात्रीची बाई दिवसा आणि एक पुरुषमाणूस रात्री, एवढं लागतंच. मालक पुण्यात आणि वाडा पगारी गड्याच्या हवाली, हे चाललेलं मी तरी कुठं बघितलं नाही. चार महिन्यांत तिथं पत्त्यांचा अड्डा बसतो.

खोल्या दोनच काढा. पुढच्या सोप्याच्या, ज्यांना चौकात स्वतःचं दार आहे अशा. माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर घरच्यांचं राहू द्या, तिथं पाहुण्यानं बोलावल्याशिवाय यायचं नाही हे पहिल्या चहालाच हसत सांगून टाकायचं. आमच्या सासूबाई सांगतात तेव्हा हसत नाहीत, पण लोक ऐकतात.

मोठा खर्च बाथरूमवर करा. पाहुणे तुळया बघायला येतात, देवडीत फोटो काढतात, पण परत येतात ते बाथरूम कोरडं आणि वासाशिवाय असलं तरच. माडीवर संडास-बाथरूम काढायच्या फंदात पडू नका. कडीपाटावर मातीचा थर असतो, त्यात पाणी मुरायला लागलं की खालच्या खोलीत पोपडे पडेपर्यंत कळत नाही. आम्ही परसाच्या बाजूला, जुन्या भिंतीपासून हातभर सोडून, दोन स्वतंत्र बाथरूम बांधली आणि वर पत्र्याची झाकलेली वाट केली. कमोड पाहिजेच, त्यात तत्त्व आणू नका. तांब्याचा बंब चौकात आहे, मुलांना त्यात शेणी घालायच्या असतात, घालू देते. पण आंघोळीचं पाणी गीझरचं. वीज गेली की मग बंबाला खरं काम लागतं.

आमच्या माजघराची चौकट बुटकी. सहा फुटी माणूस आला की कपाळ आपटलंच समजा. चौकटीच्या वरच्या लाकडाला मी लाल खणाचा कपडा रुंद पट्टीनं बांधलाय, आत कापूस भरून. लोकांना वाटतं शोभेचा आहे, येताजाता त्याचे फोटो काढतात. तुमच्याकडं असं काय काय डोक्याला लागतं, पायात येतं, रात्री अंधारात उंबऱ्याशी ठेच लागते, ते एकदा परक्या माणसाला घरात फिरवून बघा. आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, आपल्याला दिसत नाही. दिवसा तापलेलं लाकूड रात्री निवतं आणि माडी कडाडते, तेही आधी सांगून ठेवा. नाहीतर सकाळी हळूच विचारतात, "वहिनी, वाड्यात काही आहे का हो?" मी सांगते, आहे, पण शनिवार-रविवारी ते गावाला जातं.

आता न्याहारी. ह्यात माझं मत पक्कं आहे. मिसळ करू नका. मिसळ लोक कोल्हापुरात खाऊनच येतात किंवा जाताना खाणार असतात, आणि तुमची त्यांच्या डोक्यातल्या कटाशी तुलना होणार. तुमच्या घरात रोज जे होतं ते द्या. आमच्याकडं एक दिवस ज्वारीची भाकरी, झुणका, खर्डा, दही आणि लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी आंबोळी, ओल्या नारळाची चटणी आणि काकवी. लहान मुलं असतील तर खर्डा वेगळा ठेवायचा आणि धपाट्यावर तूप-गूळ. भाकरी तव्यावरून थेट ताटात गेली पाहिजे. डब्यात रचून ठेवलेली भाकरी नऊ वाजता चिवट होते, आणि न्याहारीला उशिरा उठणारे पुण्याचे लोक नऊलाच येतात (रागावू नका). म्हणून रात्री झोपतानाच विचारून घेते, किती वाजता बसणार. कांदा-लसूण चटणी सासूबाईंच्या हातची, ती पाव-पाव किलो विकत नेतात, त्याचे पैसे सासूबाईंचे. त्यांनी त्यात पाटल्या केल्यात.

तुमच्याकडं तर माझ्यापेक्षा जास्त आहे. पाटगावचा मध तुमच्याच तालुक्यातला, मधाचं गाव म्हणून नाव झालंय, तो ताटात ठेवा आणि कुठला ते सांगा. रांगणा किल्ल्याला जाणाऱ्यांना पहाटे निघायचं असतं, त्यांना भाकरी-झुणका बांधून द्या. राधानगरी-दाजीपूर तुमच्या बाजूला. मे अखेरीला काजव्यांसाठी लोक गाड्या काढून राधानगरीच्या जंगलात येतात, आणि पावसाळ्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की राऊतवाडीच्या धबधब्यापर्यंत रांग लागते. थंडीत गुऱ्हाळं. कुणाच्या तरी गुऱ्हाळावर पाहुण्यांना नेण्याची सोय आधीच लावून ठेवा. कढईतला रस आटताना बघायला बेंगळुरूची माणसं तासभर उभी राहतात, आणि तिथनंच ढेप घेऊन जातात.

पावसाचं मात्र गांभीर्यानं घ्या. 2019 ला आणि 2021 ला पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ताच बंद झाला. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी 39 ला गेलं की मी पुढच्या आठवड्याचं बुकिंग थांबवते आणि आगाऊ घेतलेले पैसे परत करते. पाहुणा अडकला तर त्याला सांभाळायची जबाबदारी आपलीच होते, दूध-भाजी मिळो न मिळो.

आणि फोनवरच माणूस ओळखायला शिका. पहिला प्रश्न "जेवणात काय" असेल तर ठीक. पहिला प्रश्न "बसायची सोय आहे का" असेल तर बसणं कसलं ते आपल्याला कळतं. मी सरळ सांगते, इथं सासूबाई राहतात. पाच-सहा पोरांचे ग्रुप मग आपोआप फार्महाऊस शोधतात. धंदा जातो थोडा. जाऊ दे. एकदा गावात नाव खराब झालं की ग्रामपंचायतीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तोंड फिरवतात.

मी खोलीला न्याहारीसह दोन हजार घेते, सुट्ट्यांत थोडे जास्त. एका बुकिंग साइटवर होते, त्यांचं कमिशन आणि वरनं त्यांनीच परस्पर लावलेली सूट बघून नाव काढून घेतलं. आता येतात ते एकमेकांच्या सांगण्यावरनं. श्रीमंत होत नाही कोणी ह्यात. पण शाकारणी, वाळवीचं औषध आणि वीजबिल वाड्यानं स्वतः कमावलेलं आहे. आणि संध्याकाळी सासूबाईंना बोलायला रोज नवीन माणूस मिळतो, माझा बराच ताप वाचतो.

चुनेगच्ची

वरच्या ताईंनी राहण्याचं सांगितलं, मी भिंतींचं सांगतो. जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतो.

क्रम असा ठेवा: आधी कौलं आणि पन्हळी, मग लाकूड, मग भिंती, रंग सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात. दर्शनी भिंत रंगवून फोटो टाकतात आणि पहिल्या पावसात पागोळीचं पाणी जोत्यात शिरतं.

तुळईचं मधलं अंग ठणठणीत दिसतं, त्यावर जाऊ नका. तुळईची टोकं भिंतीत गेलेली असतात, सडतात आणि वाळवी लागते ती तिथं. लहान हातोडीनं टोकापाशी ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर लाकूड शाबूत. बद्द आवाज आला तर सळई घालून बघा किती आत जाते. सगळी तुळई बदलायची गरज क्वचित पडते, कुजलेलं टोक कापून नवं लाकूड जोडणारे सुतार अजून आहेत. पडलेल्या दोन खणांचं सागवान कुणाला विकू नका, तेच जोडकामाला वापरा.

सिमेंट. हात जोडून सांगतो, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल वर चढते, खार फुटतो, गिलाव्याचा पापुद्रा सुटतो आणि त्याच्यामागे मातीचा चुरा होत राहतो. बाहेरनं भिंत टुणटुणीत, आत भुसा. चुन्याचाच गिलावा करा. कळीचा चुना विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरवायचा, मग वाळू आणि विटेची सुरखी घालून मळायचा, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. गूळ तर आपल्याकडं घरचाच. हे काम पाऊस संपल्यावर थंडीत धरा. मे महिन्याच्या उन्हात चुना भराभर वाळतो आणि तडे जातात, त्याला ओलं ठेवून सावकाश घट्ट होऊ द्यावं लागतं.

वायरिंग जुनं असेल तर सगळं काढा, कडीपाटाच्या फटीतून एकही उघडी वायर नको. खोलीला एसीचा हट्ट धरू नका. जाड मातीच्या भिंतीत एप्रिलमधेही पंख्यावर भागतं, आणि एसीच्या पाण्याची नळी भिंतीवर सोडली की ओलीचं नवं दुखणं.

तुमचा वाडा गारगोटीकडं आहे म्हणून सुटलात. पन्हाळ्यावर असता तर संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरात परवानगीशिवाय वीट लावता येत नाही.

कागदवाला

थोडक्यात सांगतो.

वाडा गावठाणात असणार, म्हणजे सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि त्यावर नावं कुणाकुणाची आहेत ते बघा. चुलत्यांची असतील तर त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. धंदा चालला की हिस्सा आठवतो, हा सगळ्या जिल्ह्याचा अनुभव.

निवास-न्याहारी म्हणून नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडं होते, पूर्वी एमटीडीसी करायची. आपला जिल्हा त्यांच्या पुणे विभागात येतो. केंद्राच्या अशाच योजनेत एक ते सहा खोल्या चालतात, पण मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं. तुमच्या आई तिथं आहेत ही जमेची बाजू. व्यवसाय आईंच्या नावावर करणार असाल तर राज्याचं महिलांसाठीचं "आई" धोरण बघा. बँकेनं 15 लाखांपर्यंत कर्ज दिलं तर त्यावरचं व्याज मर्यादेत परत मिळतं. कर्ज बँक देते, सरकार नाही, हे लक्षात असू द्या.

खाऊ घालणार म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी, छोट्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. साइटवरून आलेल्या मुक्कामाचा कर अशा वेळी साइटच भरते. पाहुण्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि नोंदवही हवीच. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत ऑनलाइन नोंद करायची, ती चुकवू नका. महावितरणच्या शाखेत जाऊन घरगुती मीटर चालेल का ते आधी विचारून घ्या, दंडाची नोटीस आल्यावर विचारण्यात मजा नसते.

वेदगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जाऊन आलो. हातोडी घेऊन फिरलो. दर्शनी सोप्याच्या तुळया खणखणीत, न्हाणीकडच्या एकीचा आवाज बद्द. थोरल्या चुलतभावाशी बोललो. तो म्हणाला, वाडा चालव, आमचं काय म्हणणं नाही, पण पाव्हण्यांचे पैसे कुणाच्या खिशात जाणार ते आधी सांग. आईनं मात्र ताटं मोजायला घेतली, पितळेची चौदा निघाली.

थोरली_जाऊ ताई, दोन गोष्टी विचारतो. हिस्सेदारांचं तुम्ही कसं बसवलंत? आणि रात्रीच्या जेवणाला मटण मागतात त्याचं काय करता? आमच्याकडं आई सोमवारी नि गुरुवारी घरात करू देत नाही.

थोरली_जाऊ

हिस्सेदारांना नफ्यात वाटा कबूल करू नका. नफा किती झाला ह्यावरून दिवाळीत भांडण ठरलेलं. त्यांच्या हिश्श्याचं वर्षाचं ठराविक भाडं ठरवा, कागदावर, आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा तेही त्याच कागदात. आमच्याकडं दिरांना भाडं जातं, आणि त्यांची मुलं सुट्टीत आली की एक खोली त्यांची, त्या दिवसांचं बुकिंग मी घेत नाही. एवढं केलं की भाऊबंद स्वतः पाहुणे पाठवतात. चुलतभावानं खिशाचं आधीच विचारलं हे चांगलं झालं. जे विचारत नाहीत त्यांची भीती असते.

मटणाचं असं आहे. आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगितलं तरच. सोमवार-गुरुवार नाही म्हणजे नाही, ते बुकिंगच्या वेळीच सांगायचं, कुणी वाईट मानत नाही. जेवणाचे पैसे वेगळे. तांबडा-पांढरा दोन्ही करते, पण मसाला बेतानं, बाहेरची माणसं कोल्हापुरात आलो म्हणून फुशारकीनं तिखट मागतात आणि रात्रभर पाणी मागत बसतात. चूल वेगळी ठेवा, परसात. म्हणजे आईंचं सोवळंही राहतं आणि शाकाहारी पाहुण्यांचा प्रश्न सुटतो. माणसं वाढली तर शेजारच्या बाईकडून भाकरी थापून घ्या, नगावर पैसे द्या.

पितळेच्या ताटांना कल्हई करून घ्या आधी. आंबट-दह्याचं त्यात तसंच वाढू नका.

आणि पैसे घालायच्या आधी एकदा आईंना घेऊन आमच्याकडं दोन रात्री राहायला या. डिसेंबरात या, गुऱ्हाळं सुरू असतात. आईंना सासूबाईंच्या शेजारी बसवू, त्यांचं त्या ठरवतील. खोलीचे पैसे मात्र घेणार.